फोन वाजण्याआधीचं काम

सकाळी 6.30

रात्रपाळीच्या सहकारिणीने हँडओव्हर ग्रुपवर टाकलाय. कुर्ला टर्मिनसबाहेरच्या भिंतीला टेकून बसणारी बाई अजून तिथेच आहे. रात्री पावसात भिजली. रिक्षावाल्यांनी ताडपत्री दिली ती घेतली, पण बोलली नाही. डाव्या पायाची जखम वाढल्यासारखी वाटते. गोवंडीच्या कॉलेजातल्या मुलीचा साडेबाराला परत फोन आला. पाऊण तास बोलली, शेवटी आईला उठवायला तयार झाली. आई तिच्या शेजारीच झोपली आहे, घरातली औषधं कुलपात गेली आहेत, दुपारी चारला दोघी येणार. चेंबूरचे हरवलेले आजोबा सापडले, मुलगा येऊन घेऊन गेला.

मी सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरांत मानसिक आजाराने एखाद्याची स्थिती अचानक बिघडली, की घर, पोलीस ठाणं आणि रुग्णालय यांच्यामधली धावपळ आमची टीम करते. टीम लहान आहे. सोशल वर्कर, एक नर्स, अर्धवेळ येणारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि आमचे दादा. दादा स्वतः स्किझोफ्रेनियातून सावरलेत आणि पगारी नोकरीवर आमच्याबरोबर काम करतात. इथे सांगते आहे त्या माणसांचे तपशील ओळख पटू नये इतके बदललेत. कामाची रीत मात्र जशी आहे तशीच लिहिते आहे.

गटारी होऊन आज तिसरा दिवस. श्रावण लागला की आम्ही कॅलेंडरवर हा दिवस आणि पुढचे दोन दिवस लाल पेनाने खुणावून ठेवतो. नर्सला आज रजा नाही.

8.15

पोलीस ठाण्यात सकाळच्या हजेरीनंतर मला दहा मिनिटं मिळतात. ही दहा मिनिटं मिळवायला फार काळ लागला, म्हणून ती मी कधी चुकवत नाही. आज नव्याने बदली होऊन आलेले काही अंमलदार आहेत, त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम 100. हद्दीत भटकणारी व्यक्ती मानसिक आजारी आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, असं वाटलं तर तिला संरक्षणात घेणं हे ठाणे प्रमुखांचं कर्तव्य आहे. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. लवकरात लवकर, आणि कसंही झालं तरी 24 तासांच्या आत, जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. बेघर असेल तर मिसिंग दाखल करून घरच्यांचा शोध घ्यायचा. 1987 च्या जुन्या कायद्यात आधी मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं आणि हुकूम घ्यायचा अशी वाट होती. आता वाट थेट डॉक्टरकडे जाते.

एक हवालदार हात वर करतात. "मॅडम, कायदा बरोबर आहे. पण माणूस दवाखान्यात नेला की आमची दोन माणसं रात्रभर तिथल्या बाकड्यावर अडकतात. इकडे बंदोबस्त कोणी करायचा?"

त्यांचं म्हणणं खरं आहे. मी कितीतरी हवालदारांना कॅज्युअल्टीबाहेर भिंतीला डोकं टेकून झोपलेलं पाहिलंय. म्हणून या ठाण्याशी आमचं ठरलंय ते असं : पोलिसांनी माणसाला सुखरूप पोचवायचं, डायरीत नोंद करायची, आणि डॉक्टरांची तपासणी सुरू झाली की बाकड्यावर आम्ही बसायचं. रुग्णालयाने आमच्या ओळखपत्राला मान्यता द्यायची. भागीदारी, समन्वय हे शब्द प्रकल्पाच्या अहवालात मोठ्या टायपात असतात. प्रत्यक्षात बाकड्यावर बसायची पाळी कोणाची, एवढं एक ठरलेलं असलं तरी रस्त्यावरचा माणूस वेळेत डॉक्टरांपर्यंत पोचतो.

9.30

टर्मिनसबाहेर पाऊस थांबून थांबून पडतोय. भिंतीच्या आतली हद्द रेल्वे पोलिसांची, बाहेरची शहर पोलिसांची. पूर्वी भिंतीजवळ बसलेल्या माणसावरून हद्दीचा घोळ व्हायचा. आता दोन्ही ठाण्यांनी मान्य केलंय, की ज्याला आधी दिसेल त्याने नोंद करायची. साध्या कपड्यांत आलेल्या महिला शिपाई आमच्याबरोबर आहेत. त्या चहाच्या टपरीपाशी थांबतात.

बाई चाळिशीच्या आतबाहेरची असावी. एकावर एक साड्या गुंडाळलेल्या, केसांच्या जटा झालेल्या. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात जुनी तिकिटं, वर्तमानपत्राच्या घड्या, एक लहान मुलाचा स्वेटर. डाव्या घोट्यावर चिंधी बांधलेली, चिंधीखालून पू येतोय. माश्या हाकलायलाही ती हात हलवत नाही.

अशा वेळी समोर उभं राहायचं नाही. मी तिच्या बाजूला, हातभर अंतर सोडून, तिच्याच उंचीवर बसते. दादा आणखी लांब, रस्त्याकडे तोंड करून. प्रश्न विचारायचे नाहीत. नाव काय, गाव कुठलं, कोण आहे तुझं, हे प्रश्न तिला इतक्या लोकांनी विचारलेत की ते ऐकूनच ती मिटून जाते. मी पावसाबद्दल बोलते, ताडपत्रीबद्दल बोलते. आमच्या नर्सबाई चहा पुढे करतात. बाई मान हलवते आणि पहिल्यांदा तोंडातून शब्द निघतो, "ब्याड."

मला कळत नाही. नर्सबाईंना कळत नाही. बाकड्यावर बसलेल्या हमालकाकांना कळतं. काका अक्कलकोटकडचे, म्हणजे घरात मराठी आणि गल्लीत कानडी. ते उठून येतात, दोन पावलांवर उकिडवे बसतात आणि विचारतात, "ऊटा आय्ता?" जेवलीस का, एवढंच. बाई त्यांच्याकडे बघते. मग बोलायला लागते, आधी पुटपुटत, मग भराभर. काका मधूनमधून माझ्याकडे वळून सांगतात. बरंचसं लागत नाही, म्हणतात, पण बोली कलबुर्गीकडची आहे. कुठल्याशा यल्लम्माच्या देवळाचं बोलतेय. मुलगा गाडीतून उतरला म्हणते, तो यायचाय म्हणून इथून हलायचं नाही म्हणते.

हमालकाका आमचे कर्मचारी नाहीत. पण मागच्या वर्षी टर्मिनसवरच्या हमालांची, सफाई कामगारांची आणि रिक्षावाल्यांची एक बैठक घेतली होती, तिला ते होते. कोणाला कोणती भाषा येते, याची एक यादी त्या दिवशी केली. कानडी, तेलुगू, भोजपुरी, बंगाली, ओडिया. लांब पल्ल्याच्या गाड्यांमधून चुकून किंवा भरकटून मुंबईत उतरणाऱ्या आजारी माणसांपर्यंत पोचायला माझ्या लेखी ही यादी औषधाच्या पेटीइतकीच महत्त्वाची आहे.

मुलगा येईल असं आम्ही तिला सांगत नाही. काका सांगतात की पाय सडतोय, दवाखान्यात जायचंय, मुलाचा शोध पोलीस घेतील, टपरीवर निरोप ठेवू. हे सगळं खरं आहे, म्हणून सांगता येतं. खोटं सांगून गाडीत बसवलेला माणूस दवाखान्याच्या दारात पुन्हा पळतो, आणि नंतर कोणावर विश्वास ठेवत नाही. तास उलटतो. स्वेटर असलेली पिशवी तिच्याच हातात राहील, हे दोनदा सांगितल्यावर ती उठते. शिपाईताई ठाण्यात फोन करून डायरीत वेळ टाकायला सांगतात. काका पायरीपर्यंत येतात. त्यांची एक गाडी आणि तिची मजुरी गेली. आमच्या प्रकल्पात अशा माणसांना देण्यासाठी पैशाचं सदर असायला हवं, हे मी दर वर्षी लिहिते. या वर्षी थोडी रक्कम मंजूर झाली आहे.

11.45

कॅज्युअल्टी. आधी साखर, ताप, रक्तदाब, मग जखम धुणं. मानसिक आजार दिसतोय म्हणून शरीर तपासायचं राहून जातं, ही या कामातली सगळ्यात धोक्याची गोष्ट. बडबड साखर कमी झाल्याने असू शकते, डोक्याच्या माराने असू शकते, मेंदूज्वराने असू शकते. तरुण डॉक्टर बाई मन लावून बघतात. पायासाठी सर्जरीच्या वॉर्डात दाखल, मानसोपचार विभागाचे डॉक्टर तिथेच येऊन तपासणार. शिपाईताईंना मोकळं केलं. बाकड्यावर दादा बसले.

1.15

डबा. आमच्याकडे फील्डवर्कला आलेली एम.एस.डब्ल्यू.ची मुलगी सकाळपासून गप्प होती, ती आता विचारते, "ताई, या कामात नोकरी मिळते का? म्हणजे टिकते का?"

तिला खरं उत्तर द्यायला हवं. या शहरात समाजकार्याचं शिक्षण 1936 पासून दिलं जातंय. गरज विचारशील तर देशात दर लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञसुद्धा नाही, म्हणजे रुग्णाचं घर, रस्ता, वस्ती सांभाळायला आपल्यासारखी माणसं लागणारच. पण कायद्याने सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर कोण, तर एम.एस.डब्ल्यू.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. केलेली व्यक्ती. त्या जागा मोजक्या. त्यात यूजीसीने एम.फिल. पदवीच बंद केली आणि क्लिनिकल सायकॉलॉजी आणि आपल्या विषयाला 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली. सरकारी कार्यक्रमातली पदं बहुतेक करारावरची, संस्थांमधली प्रकल्पावरची. निधीची मुदत संपली की हमालकाकांचा नंबर ज्याच्या फोनमध्ये आहे तो माणूस दुसरी नोकरी शोधायला जातो, आणि त्याच्याबरोबर ती भाषांची यादीही जाते. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

तिने अमेरिकेतल्या प्रयोगांबद्दल वाचलंय. ओरेगन राज्यातल्या यूजीन शहरात व्हाइट बर्ड क्लिनिकने 1989 साली 'कहूट्स' नावाची सेवा सुरू केली होती. व्हॅनमध्ये एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समुपदेशन जाणणारा कार्यकर्ता, बंदूक नाही, वर्दी नाही. डेन्व्हर शहराने 2020 मध्ये त्याच धर्तीवर 'स्टार' सुरू केलं. आपल्याकडे पोलीस वगळून असं का नाही, असं ती विचारते. माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे रस्त्यावरच्या आजारी माणसाला संरक्षणात घ्यायचं कर्तव्य कायद्याने पोलिसांवर टाकलंय, आणि रात्री दोन वाजता लोकांना आठवतो तो त्यांचाच नंबर. मला ते जायला नकोत, दोन पावलं मागे उभे राहायला हवेत. पण यूजीनकडून शिकण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. पस्तीस वर्षं चाललेली ती सेवा एप्रिल 2025 मध्ये त्या शहरात थांबली. पद्धत चुकीची ठरली म्हणून नव्हे, पैसा आणि करार यांची सांगड बसली नाही म्हणून.

"म्हणजे करू नको म्हणता?" ती विचारते.

कर. पण नेमणुकीच्या पत्रावर पर्यवेक्षणाचे तास, रात्रपाळीनंतरची सुट्टी आणि कराराची मुदत हे तिन्ही आधी वाच, मगच सही कर.

2.20

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतून फोन. बोलणारा मुलगा गणेश मंडळाचा कार्यकर्ता. "ताई, खोली नंबर सांगत नाही, गर्दी ऐकतेय. भाजी मार्केटात हमाली करणारे काका आहेत. सकाळपासून थरथरतायत, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणतात. हातात सुरी आहे. लोक म्हणतायत अंगात आलंय, कोणी भगताला आणायला गेलंय. मी काकूंना विचारलं शेवटची कधी घेतली. गटारीच्या रात्री. रोजची सवय होती, श्रावण पाळायचा म्हणून एकदम सोडली."

शेवटची कधी घेतली. हा प्रश्न त्याने विचारला, तिथेच निम्मं काम झालं. आषाढ संपताना मंडळाच्या मुलांना, बचत गटाच्या बायकांना आणि महापालिकेच्या आरोग्य सेविकांना आम्ही हाच एक प्रश्न शिकवला होता. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक सोडली, की एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि साधारण दोन-तीन दिवसांनी भ्रम सुरू होतो : घाम, ताप, थरथर, नसलेले किडे दिसणं, आपण कुठे आहोत याचं भान सुटणं. हा देवाचा कोप नाही आणि वेडही नाही. हा जिवावर बेतणारा शारीरिक आजार आहे. याला मेडिसिनच्या वॉर्डात, गरज पडली तर आयसीयूत न्यावं लागतं.

फोन चालू ठेवूनच मी सांगते : गर्दी खाली उतरव, टीव्ही बंद, दिवा लाव, दार उघडं ठेव, बांधायचं नाही, एकाच माणसाने बोलायचं. 108 ला फोन कर. बीट मार्शलना मी सांगते.

अ‍ॅम्ब्युलन्स डोंगराच्या पायथ्याशी थांबते, वर रस्ता नाही. आम्ही पायऱ्या चढतो. मार्शल दोन घरं अलीकडे, दिसणार नाहीत असे उभे राहतात. खोली दहा बाय दहाची. काका कोपऱ्यात, बनियन घामाने चिकटलेलं, सुरी भिंतीवर घासतायत. देव्हाऱ्यात जिवतीचा कागद. काकू दारात, हातात पदराचा बोळा.

"काका, मी दवाखान्यातून आले. आत येऊ का?"

"गोण्या उतरवल्याशिवाय येऊ नका. मुंग्या लागल्यात मालाला."

ते मार्केटात आहेत. त्यांना घरी आणायची घाई करायची नाही. मुंग्या नाहीत असं म्हटलं तर मी शत्रू, आहेत म्हटलं तर मी खोटारडी. "मला दिसत नाहीयेत काका, पण तुम्हाला फार त्रास होतोय हे दिसतंय. हात किती थरथरतोय. सुरीने लागेल."

"लागेल?"

"लागेल. खाली ठेवा. गोण्या ही पोरं उतरवतील."

ते मंडळाच्या मुलाकडे बघतात. तो काही न बोलता शर्टाच्या बाह्या वर करतो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. काका सुरी ओट्यावर ठेवतात, आणि काकू पुढे होऊन ती पदराखाली घेतात. नर्सबाई नाडी धरतात, माझ्याकडे बघून मान हलवतात : उशीर नको. खुर्चीत बसवून चौघांनी पायऱ्या उतरवलं. पुढे बसलेल्या मुलाला मी सारखं सांगत होते, काकांना दिसेल असा चेहरा ठेव, ओळखीचा चेहरा दिसत राहू दे.

कॅज्युअल्टीत डॉक्टरांना चिठ्ठी तयारच दिली : शेवटचं पिणं कधी, किती, फिट आली का, जेवण कधी. त्यांनी थरथर आणि फिट आवरणारं औषध आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सुरू केलं. काकू बाकड्यावर माझ्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "देवासाठी सोडली हो त्यांनी. चांगलंच करायला गेले." मी त्यांना सांगितलं की सोडायचीच आहे, पण डॉक्टरांच्या हाताखाली. त्यांच्या सोडण्याला कोणी हसणार नाही, हेही सांगितलं.

4.40

गोवंडीची मुलगी आणि तिची आई वेळेवर आल्या होत्या. सायकॉलॉजिस्टने त्यांना वेळ दिला, आज रात्रीसाठी आणि या आठवड्यासाठी काय काय करायचं ते तिघींनी मिळून लिहिलं. मी पोचले तेव्हा आईचा एकच प्रश्न उरला होता, हळू आवाजात : "हिने पुढेमागे स्वतःला काही केलं तर पोलीस केस होते ना?" ही भीती कित्येक घरांना दवाखान्याची पायरी चढू देत नाही. 2017 च्या कायद्याचं कलम 115 सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, सरकारने तिची काळजी घ्यायची. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुनं 309 कलम उरलेलंच नाही. आईच्या फोनमध्ये टेली-मानसचा 14416 हा नंबर मी स्वतः टाकून दिला. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. मुलीच्या फोनमध्ये तो आधीपासून होता.

6.45

वस्तीतल्या मंडळाच्या खोलीत बैठक. मूर्तीचं बुकिंग, मांडवाचं लाकूड, वर्गणी, आणि या सगळ्यात आम्हाला अर्धा तास. दुपारच्या प्रसंगाची चर्चा गावभर झालेली, पण नाव घ्यायचं नाही हे मुलांनी स्वतःच ठरवलंय. मेडिकलवाले काका म्हणतात, पुढच्या आषाढात ते दुकानाच्या काउंटरवर पाटी लावतील : श्रावणात दारू सोडणार असाल तर आधी दवाखान्यात या. बचत गटाच्या मावशींना वाटतं पाटीने काही होत नाही, बायकांनाच घरोघर सांगायला हवं. मलाही मावशींचं पटतं. ज्या मुलाने फोन केला तो सगळ्यात मागे बसलाय. त्याला मी बाहेर बोलावून विचारते, आज झोप लागेल का. तो म्हणतो हात अजून थरथरतायत. दादा त्याच्याबरोबर डोंगराच्या टोकापर्यंत चालायला जातात. अशा प्रसंगानंतर मदत करणाऱ्याशीही बोलायचं असतं, आणि ते दादा माझ्यापेक्षा चांगलं करतात.

9.10

हँडओव्हर लिहायचाय.

टर्मिनसच्या बाई सर्जरीच्या वॉर्डात, दुपारी मानसोपचारच्या डॉक्टरांनी पाहिलं, औषध सुरू. मिसिंग दाखल झालं, कलबुर्गी जिल्हा पोलिसांना फोटो आणि वर्णन गेलं. पिशवी तिच्या उशाशीच राहू द्यावी, सिस्टरना सांगितलंय. हमालीचे काका मेडिसिनला, ताप उतरतोय, अजून मार्केटातच आहेत. काकूंसोबत रात्री मंडळाचा एक मुलगा थांबेल. गोवंडीच्या घरी रात्री दहाला फोन करायचा, आई उचलेल. उद्या आणि परवा वस्त्यांमधून श्रावणाचे आणखी फोन येतील, नर्सबाईंची दुपार मोकळी ठेवा. टर्मिनसच्या हमालकाकांना उद्या अकराला वॉर्डात कानडी बोलायला आणायचंय, त्यांचा पास आज रात्रीच काढून ठेवा आणि मजुरीचं व्हाउचर सोबत न्या.